विज्ञान प्रदर्शन, बालविज्ञान परिषद, ऑलिंपियाड: मुलांच्या हाती नेमकं काय लागतं?

प्रतापनगर_आई

नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे, मराठी माध्यम. यंदा शाळेने विज्ञान प्रदर्शनासाठी तिचं नाव दिलंय. विषय तिनेच निवडला: कुंडीतल्या मातीचा ओलावा पाहून आपोआप सुरू-बंद होणारा छोटा पंप. आपल्या नागपुरात मे महिन्यात गच्चीवरच्या कुंड्यांचे काय हाल होतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा विषय घरचाच म्हणायचा.

घरात मात्र दोन मतं आहेत. तिचे बाबा म्हणतात, हे दोन महिने एनएमएमएस या आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या अभ्यासाला दे. परीक्षा निघाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात आणि बुद्धिमत्ता चाचणीचा सरावही होतो. प्रदर्शनात काय मिळणार? एक प्रमाणपत्र. त्यात बाजारात हेच मॉडेल तयार जोडलेलं मिळतं. शेजारच्या मुलाने तसंच विकत आणून मांडलं होतं आणि त्याचं कौतुकही झालं.

मला बक्षिसाचं काही नाही. पण पोरीचे दोन महिने जाणार असतील तर त्यातून तिला पुढे उपयोगी पडेल असं काही मिळतं का, एवढंच विचारायचं आहे. ज्यांची मुलं यातून गेली आहेत, किंवा जे स्वतः गेले आहेत, त्यांनी मोकळेपणाने लिहा.

महाल_निवृत्त_शिक्षक

ताई, मी विज्ञान शिकवत होतो. मुलांना घेऊन प्रदर्शनांना गेलो आहे आणि परीक्षक म्हणूनही बसलो आहे. थोडं सविस्तर लिहितो.

आपण सगळ्याला स्पर्धा म्हणतो, पण आतला मामला फार वेगळा असतो. प्रदर्शनात मॉडेल मांडायचं असतं. इन्स्पायर अवॉर्ड मानक या केंद्र सरकारच्या योजनेत आधी फक्त कल्पना पाठवायची असते, निवड झाली तर विद्यार्थ्याच्या बँक खात्यात १०,००० रुपये येतात आणि मग तो वस्तू बनवतो. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून चालू आहे आणि तिथे मॉडेलची गरजच नसते. आपल्या गावातला, मोहल्ल्यातला एखादा प्रश्न घ्यायचा, मोजायचा, नोंदवही ठेवायची आणि जे सापडलं ते मांडायचं. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने १९८१ मध्ये सुरू केलेली होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी आहे. त्यात आधी लेखी, मग प्रात्यक्षिक, त्यापुढे कृतिसंशोधन आणि मुलाखत. खऱ्या ऑलिंपियाडची वाट भौतिकशास्त्र शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या परीक्षेतून मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे जाते. खासगी कंपन्या शाळेत फी घेऊन जी पर्यायी उत्तरांची ऑलिंपियाड घेतात, तिचा या वाटेशी काही संबंध नाही. पालक दोन्ही एकच समजतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता तुमचा प्रश्न. परीक्षक म्हणून मी मुलांना नेहमी एक प्रश्न विचारायचो: हा आकडा कुठून आला? तक्त्यावर लिहिलेलं असतं, 'या यंत्राने ४० टक्के पाण्याची बचत होते'. कशी मोजली? किती दिवस? यंत्र नसताना किती पाणी लागत होतं? ज्याने स्वतः मोजलं आहे ते पोर या प्रश्नाला बिचकत नाही, उलट त्याला बोलायला सुरसुरी येते. 'सर, पहिल्या आठवड्यात आमची कुंडीच गळत होती' इथपासून सुरुवात करतं. विकत आणलेल्या मॉडेलचं पोर इथे गप्प होतं, मग बाजूला उभे असलेले वडील बोलायला लागतात.

त्या एका प्रश्नाला स्वतःच्या बळावर उत्तर देता येणं हीच या सगळ्यातली कमाई, असं मी मानतो. ती वर्गात मिळत नाही, कारण वर्गातल्या प्रयोगाचं उत्तर पुस्तकात आधीच छापलेलं असतं. लोलकाचा प्रयोग करताना मुलं आधी ९.८ हे गुरुत्वीय त्वरणाचं पुस्तकातलं उत्तर लिहितात आणि मग निरीक्षणं त्याला जुळवून घेतात. हे मी रागाने लिहीत नाही. गुण त्यालाच मिळतात म्हणून ती तसं करतात. प्रदर्शनाच्या प्रकल्पात मागे छापलेलं उत्तरच नसतं.

पण हे आपोआप घडत नाही. शाळेने आठ दिवस आधी 'काहीतरी करून आणा' म्हटलं, तर थर्माकोल आणि चमकी कागदच येणार.

नंदनवन_पालक

सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण सगळीकडे तुमच्यासारखे परीक्षक नसतात. माझ्या मुलाच्या वेळी परीक्षक प्रत्येक टेबलाशी दोन-तीन मिनिटं थांबले. दिवे लागणारं, आवाज करणारं, फिरणारं मॉडेल पुढे गेलं. त्याने साध्या वहीत पावसाच्या नोंदी ठेवल्या होत्या, वही कोणी उघडलीसुद्धा नाही.

खर्चाचंही बोलायला पाहिजे. ज्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे, तिथे थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, सगळं हाताशी आहे. त्या लॅबसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. मनपाच्या शाळेतलं पोर जुन्या बाटल्या कापून काही करतं आणि दोघं एकाच रांगेत उभे राहतात. हरल्यावर ते पोर काय शिकून येतं? आपल्याकडे पैसा नाही, हेच. बारा-तेरा वर्षांच्या वयात हे शिकणं काही चांगलं नाही.

आणि दहावी-बारावीच्या तोंडावर यात वेळ घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आठवीत ठीक आहे.

काटोल_संत्रा

राम राम. मी काटोलकडचा, संत्रा अन् कापूस. आमच्या पोट्ट्यानं हेच केलं होतं, ओलाव्याचा सेन्सर. म्हून लिहून राहिलो.

ताई, कुंडीतली माती कोणती हाये ते पाहा. आमची काळी माती वाळली का तिले भेगा पडते. सेन्सरच्या दोन दांड्या भेगेत मोकळ्या राह्यल्या का तो सांगते माती कोरडी, अन् खाली चार बोटांवर ओल असते. पंप चालूच राह्यते. दुसरी गोष्ट, खत टाकलं का आकडा बदलते. पाणी तेवढंच, पण मातीत क्षार वाढले का करंट जास्त जाते, अन् सेन्सरले वाटते का ओल वाढली. हे मले मास्तरनं नाही सांगितलं, पोट्ट्यानं सांगितलं. त्यानं दोन डब्यात एकाच वजनाची माती घेतली, पाणी सारखं टाकलं, एकात चिमूटभर युरिया. आकडे येगळे आले. चार दिवस तेच करत होता, माय जेवायला बोलवे तरी उठे नाही.

नंबर नाही लागला त्याचा. पण मंग संत्र्याले ताण द्याची येळ आली. आंबिया बहाराच्या फुलासाठी पाणी तोडा लागते, किती दिवस तोडायचं ते आमी अंदाजानं करतो, पानं पाहून. तो म्हणे, बाबा, फूटभर खालची माती काढून वजन करू, वाळवून परत वजन करू. केलं. त्याच्यापायी पानं पाहायचं सोडलं नाही आमी, पण आता दोन्ही पाहतो. ठिबकच्या नळीखाली बाटली धरून कोणत्या झाडाले किती पाणी पडते तेबी त्यानंच मोजलं. शेवटच्या झाडाले अर्धंबी पोचत नव्हतं. नळ्या धुतल्या तवा सुधरलं.

आता हे कामाचं हाये का नाही तुमीच सांगा.

महाल_निवृत्त_शिक्षक

काटोलच्या भाऊंनी जे लिहिलं ते वाचून फार आनंद झाला. तुमच्या मुलाने युरियाचा जो प्रयोग केला त्यात एक गोष्ट बदलली आणि बाकी सगळं तेच ठेवलं. विज्ञानाची अर्धी अक्कल तिथे आहे. त्याला माझा आशीर्वाद सांगा.

हिंगणा_इलेक्ट्रॉनिक्स

मी हिंगणा एमआयडीसीत कंट्रोल पॅनलच्या कामात आहे. डिप्लोमा झालेली मुलं घेतो, त्यामुळे उपयोगी कौशल्याच्या प्रश्नाशी माझा रोजचा संबंध येतो.

मुलाखतीत मी एक बिघडवलेला बोर्ड पुढे ठेवतो. बहुतेक मुलं बोर्डाकडे पाहत राहतात किंवा सरळ आयसी बदलायला निघतात. एखादा मात्र मल्टिमीटर उचलून आधी सप्लाय येतो का पाहतो, मग अर्ध्यावर जाऊन तपासतो, मग उरलेल्या अर्ध्यात. त्याला विचारलं की कुठे शिकलास, तर बऱ्याचदा कुठल्यातरी स्पर्धेचं नाव निघतं. रोबो चालत नव्हता, दुसऱ्या दिवशी मांडायचा होता, रात्रभर शोधत बसलो, असं. तारीख ठरलेली असते आणि वस्तू चाललीच पाहिजे असते, हा ताण कॉलेजच्या प्रॅक्टिकलला नसतो.

पण या स्पर्धांबद्दल एक तक्रारही आहे. प्रत्येक ठिकाणी 'यात नवीन काय?' असं विचारतात. त्यामुळे मुलं दरवर्षी नवीन कल्पनेच्या मागे धावतात, आणि जुनी वस्तू नीट चालवून दाखवण्याला कोणी गुण देत नाही. उदाहरण देतो. टाकीतली पाण्याची पातळी अल्ट्रासॉनिक सेन्सरने मोजायची, हा प्रकल्प प्रदर्शनात इतका येतो की परीक्षक कंटाळतात. पण त्यातला खरा प्रश्न कोणी सोडवत नाही. सेन्सर आवाज जाऊन परत यायला लागलेला वेळ मोजतो, आणि प्रोग्राममध्ये आवाजाचा वेग ३४३ मीटर प्रतिसेकंद असा लिहिलेला असतो. तो २० अंश तापमानाचा आहे. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीत हवा ४५ अंशांवर जाते, तिथे वेग साधारण ३५८ होतो. म्हणजे पाणी दोन मीटर खाली असेल तर सेन्सर सुमारे १९२ सेंटिमीटर दाखवणार. आठ सेंटिमीटरचा फरक! तापमानाचा एक सेन्सर जोडून हे दुरुस्त करता येतं. ज्या मुलाने हे केलं त्याला मी पहिलं बक्षीस देईन, कल्पना कितीही जुनी असो.

प्रतापनगरच्या ताईंना: दांड्यांच्या सेन्सरला सतत सप्लाय देऊ नका. ओल्या मातीत विद्युत-अपघटन होऊन काही आठवड्यांत एक दांडी झिजून जाते. वाचन घेण्यापुरताच सप्लाय चालू करायचा, प्रोग्राममध्ये दोन ओळींचं काम आहे. किंवा कपॅसिटिव्ह सेन्सर घ्या, त्याचा धातू मातीला लागत नाही.

एडिसन_मूळ_धरमपेठ

मी धरमपेठेत वाढले, आता न्यू जर्सीत असते. इकडे सायन्स ऑलिंपियाड म्हणून शाळांची स्पर्धा असते, १९८४ पासून. नावावरून लेखी परीक्षा वाटते, पण तसं नाही. शाळेचा १५ मुलांचा संघ असतो आणि २३ वेगवेगळ्या स्पर्धा. काही लेखी, काही प्रयोगशाळेतल्या, काहींत घरून बनवून आणलेलं यंत्र तिथे चालवून दाखवायचं.

त्यातली एक मला फार आवडते. एका मुलाला काड्या, नळ्या, गोळे जोडून केलेली एक वस्तू दाखवतात. त्याने ती फक्त शब्दांत लिहायची, चित्र काढायचं नाही. ती चिठ्ठी दुसऱ्या खोलीतल्या जोडीदाराकडे जाते. त्याने वस्तू पाहिलेली नसते, फक्त वाचून ती जोडायची. गुण वस्तू किती हुबेहूब झाली त्यावर. माझा मुलगा यात होता. 'डावीकडे' म्हणजे कोणाच्या डावीकडे, हे आधी ठरवून घ्यावं लागतं ही गोष्ट त्याला त्यातून कळली. आता तो काहीही समजावून सांगतो तेव्हा आधी कुठून पाहायचं ते सांगतो. हे मराठीतून करायला काहीच खर्च नाही. शाळेत एका तासात होईल.

दुसरी म्हणजे प्रयोगाची आखणी. टेबलावर साहित्य ठेवतात, विषय देतात, आणि पन्नास मिनिटांत प्रयोग ठरवून, करून, आलेख काढून, चुका कुठून आल्या असतील तेही लिहून द्यायचं. नंदनवनच्या दादांनी पैशाचं लिहिलं, ते इथेही आहे. यंत्र बनवायच्या स्पर्धांत श्रीमंत शाळा पुढे असतात. पण या दोन प्रकारांत साहित्य सगळ्यांना तिथेच आणि सारखंच मिळतं. विकत घेऊन यायला जागाच राहत नाही.

नंदनवन_पालक

हे पटलं. साहित्य जागेवर द्या, मग माझा निम्मा आक्षेप संपला. आपल्याकडे असं का करत नाहीत?

महाल_निवृत्त_शिक्षक

अगदीच नाही असं नाही. होमी भाभाची प्रात्यक्षिक फेरी तशीच आहे, आणि आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाडमध्ये तर ५० पैकी २० गुण पाच तासांच्या प्रयोगाला असतात, सगळ्या देशांच्या मुलांपुढे तेच साहित्य. २०१५ साली ती मुंबईत झाली होती. प्रदर्शनात मात्र ही पद्धत आलेली नाही. यायला हवी. आपल्या रविनगरला राज्य विज्ञान शिक्षण संस्था आहे. राज्यातल्या विज्ञान शिक्षणाचं कितीतरी काम नागपुरातून चाललं, त्या शहराने हा बदल करून दाखवावा असं मला मनापासून वाटतं.

कामठी_बीएस्सी

मी बालविज्ञान परिषदेत होते, आता बीएस्सीला आहे. प्रतापनगरच्या काकूंसाठी लिहिते.

आमचा विषय होता वस्तीत पाणी किती वापरलं जातं. बाहेर पडण्याआधी सरांनी बजावलं होतं की 'तुम्ही पाणी वाचवता का' असं कोणालाही विचारायचं नाही, सगळे हो म्हणतील. विचारायचं ते असं की सकाळी पाण्याचे किती गुंड, म्हणजे कळशा, भरले, गुंड केवढा आहे, आणि तो स्वतः पाहायचा. घरोघरी फिरताना आधी कोणी दार उघडत नव्हतं. मग आम्ही नळाच्या वेळेला जायला लागलो, बाया तिथेच भेटायच्या आणि भरपूर बोलायच्या. काही घरांत पुरुषांनी सांगितलेला आकडा आणि बाईने सांगितलेला आकडा जवळपास दुप्पट वेगळा. पाणी भरते कोण, आकडा तिचाच धरायचा, हे आम्ही ठरवलं आणि नोंदवहीत कारणासकट लिहिलं.

जिल्ह्याच्या पुढे गेलो नाही. पण आता कॉलेजात प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिताना माझ्या वर्गातल्या मुली नेटवरून उतरवतात आणि मला ते जमतच नाही. माझ्या आकड्याचं मूळ मला माहीत असल्याशिवाय चैन पडत नाही. अनोळखी माणसाशी बोलायची भीती तर पूर्णच गेली. घरी मी सगळ्यात लाजाळू होते, आता बँकेत, दवाखान्यात सगळे मलाच पुढे करतात.

दहावीच्या वर्षी करू नये हे मलाही पटतं. सातवी-आठवी-नववी हे वय बरोबर आहे.

महाल_निवृत्त_शिक्षक

पोरी, छान लिहिलंस. जाता जाता एक विषय सुचवतो, कोणाला घ्यायचा असेल तर. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आपला अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. अजूनही कित्येक घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ दिसते. गल्लीगल्लीतून त्या रेघांची उंची मोजायची, नकाशावर मांडायची, कोणत्या पुलापाशी, कोणत्या वळणाला पाणी चढलं ते पाहायचं. मोजपट्टी आणि वही, एवढंच सामान. मनपाच्या शाळेतलं पोर इथे कोणत्याही लॅबवाल्या शाळेच्या बरोबरीने उभं राहील, उलट ते त्याच वस्तीतलं असेल तर पुढेच असेल. रंगरंगोटीत रेघा पुसल्या जातील, म्हणून लवकर करायला हवं.

नंदनवन_पालक

सर, हे माझ्या मुलाला दाखवतो. पावसाच्या नोंदींची त्याची वही अजून आहे, त्या महिन्याची पानंसुद्धा असतील. मात्र परीक्षक दोन मिनिटांत निघून जातात हा माझा मुद्दा कायम आहे. चांगलं काम करूनही मुलाला कोणी काही विचारत नाही, तेव्हा ते फार खचतं. आयोजकांनी निदान टेबलं कमी करावीत आणि प्रत्येकाला दहा मिनिटं द्यावीत.

हिंगणा_इलेक्ट्रॉनिक्स

दहा मिनिटांच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा. आणि परीक्षकांत एखादा कारखान्यातला, एखादा शेतकरी असावा. बोलावलं तर मी सुट्टी टाकून येईन.

प्रतापनगर_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा सगळा धागा मुलीला आणि तिच्या बाबांना वाचून दाखवला. काटोलच्या दादांचा युरियाचा प्रयोग ऐकून बाबाच जास्त विचारायला लागले, ते कृषी सेवा केंद्रात काम करतात. ठरलं असं की सकाळचा एक तास एनएमएमएस, संध्याकाळ प्रकल्पाला. मॉडेल विकत आणायचं नाही.

मुलीने विषयच थोडा बदलला. तिला आता पंपापेक्षा 'सेन्सर खरं सांगतो का' हे पाहायचं आहे. पंप राहील, पण बाजूला. शाळेच्या बाईंनाही चालणार आहे. आता अडचण अशी की मातीतलं खरं पाणी किती हे घरी कसं मोजायचं? आणि काळी माती आम्हाला शहरात कुठे मिळेल?

महाल_निवृत्त_शिक्षक

मोजायला सोपं आहे ताई. ओल्या मातीचा नमुना झाकणाच्या डबीत घ्या आणि लगेच वजन करा, उघडा ठेवला की पाणी उडतं. मग झाकण काढून १०५ अंशांवर वाळवा. प्रयोगशाळेत २४ तास ठेवतात. घरी ओटीजी ओव्हन असेल तर १०५ ते ११० च्या मध्ये ठेवून दर तासाने वजन करा. दोन वजनं सारखी आली की पाणी संपलं समजायचं. गेलेलं वजन भागिले कोरड्या मातीचं वजन गुणिले शंभर, हा झाला ओलावा. डबीचं वजन वजा करायला विसरू नका. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा चालेल, फक्त नमुना शंभर ग्रॅमच्या खाली नको, नाहीतर काट्याचीच चूक मोठी दिसेल. प्रत्येक ओलाव्याला तीन नमुने घ्या. मग आडव्या अक्षावर हा ओलावा आणि उभ्या अक्षावर सेन्सरचा आकडा, असा आलेख काढायला सांगा. रेष सरळ येणार नाही. ती तशीच दाखवायची.

काटोल_संत्रा

मातीचं टेन्शन घेऊ नका ताई. आमची गाडी कळमन्याच्या बाजारात येते, संत्रा घेऊन. दोन थैल्या आणतो, एक काळी अन् एक मुरमाड, दोन्हीत सेन्सर येगळं बोलते ते तिले दिसन. पोट्टाबी येतो म्हणते संग, त्याची वही घेऊन. कोणत्या दिवशी ते मॅसेजमधी कळवा.

प्रतापनगर_आई

दादा, रविवारी चालेल. मुलगी म्हणते वहीत युरिया किती टाकला होता ते ग्रॅममध्ये लिहिलंय का, ते आधी विचारा.

काटोल_संत्रा

विचारलं. लिहिलं नाही म्हणे, चिमूटच हाये. रविवारी दोघं मिळून मोजून पुन्हा करू म्हणते.